साथीच्या रोगाचे इंग्रजी

(समितीच्या उत्सवात मुन्शी घाटावर दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून.)



मी वक्ता नाही. माझे काम रेल्वेच्या ओव्हरहेड वायरच्या देखभालीचे. शिक्षण पॉलिटेक्निकच्या पदविकेपर्यंत, तेही मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे. पहिल्या वर्षी 'इन्सुलेटर' हा शब्द मी 'इन्सुलिनेटर' असा लिहिला होता आणि सरांनी तो फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाला दाखवला होता. अशा माणसाला सचिवांनी 'इंग्रजी' या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. मग ते म्हणाले, "तुमच्या त्या वहीबद्दलच बोला." वहीबद्दल बोलता येईल.

सुरुवात एका हसण्यासारख्या गोष्टीने करतो. मार्च २०२० मध्ये, गाड्या बंद होण्याच्या आदल्या आठवड्यात, मी ड्युटीवरून घरी फोन करत होतो. म्हणालो, "साथ वाढत चालली आहे, बाहेर पडू नका." शेजारी बसलेले आमचे बनारसी सहकारी म्हणाले, "साथ बढ़ रहा है तो अच्छा ही है ना, भाईसाहब?" मी त्यांना समजावले की आमच्याकडे रोगाच्या फैलावाला साथ म्हणतात. 'साथीचा रोग' हे ऐकून तर ते आणखीच हसले. मित्राचा रोग! पण विचार केला तर मराठीने काही चूक केलेली नाही. हा रोग सोबतीनेच येतो.

हसणे इथपर्यंत. आता वही का सुरू झाली ते सांगतो.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. माझे मामा नागपूरला एका रुग्णालयात दाखल झाले. मामी स्वतः बाधित, घरातच एका खोलीत. मामेभाऊ पुण्याला. रुग्णालयात नातेवाइकांना आत सोडत नव्हते. दिवसातून एकदा फोनवर माहिती मिळायची, तीही अर्ध्या मिनिटाची. आमच्या कुटुंबात 'इंग्रजी येणारा' म्हणून तो फोन माझ्याकडे दिलेला. हो, मीच तो, इन्सुलिनेटरवाला.

पहिले दोन दिवस मराठी बोलणारे डॉक्टर होते. तिसऱ्या दिवशीचे डॉक्टर इंग्रजीतच बोलले. म्हणाले, "ही इज मेंटेनिंग नाइन्टी-टू ऑन फिफ्टीन लीटर्स." मी थँक्यू म्हटले. फोन संपला.

आता माझ्यासारख्याच्या कानाला हे वाक्य कसे ऐकू येते पाहा. मी मेंटेनन्सचा माणूस. मेंटेन होत आहे म्हणजे यंत्रणा ठीक चालली आहे. ब्याण्णव म्हणजे शंभरातले ब्याण्णव, शाळेत कधी मिळाले नाहीत इतके. पंधरा लिटरकडे मी लक्षच दिले नाही. वाटले, टाकीचे माप असेल. मी आईला सांगितले, "मामा मेंटेन करताहेत." पुण्याहून मामेभावाने विचारले, "मी निघू का? पासचं बघतो." मी म्हणालो, "घाई करू नकोस. मेंटेन करताहेत."

दुसऱ्या रात्री मामांना व्हेंटिलेटरवर घेतले. तिसऱ्या दिवशी ते गेले. भाऊ पोहोचला तेव्हा त्याला बघायलाही मिळाले नाही.

नंतर ओळखीच्या एका डॉक्टरांना मी ते वाक्य जसेच्या तसे ऐकवले. त्यांनी शांतपणे अर्थ सांगितला. माणूस साध्या हवेवर, म्हणजे 'रूम एअर'वर असताना त्याच्या रक्तातला ऑक्सिजन ९४ च्या वर असावा. मामांना मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन, तोही पिशवी लावलेल्या मास्कमधून, दिला जात होता. साध्या मास्कची शर्यत तिथे संपते. एवढे देऊनही आकडा ९२ च्या पुढे जात नव्हता. 'मेंटेनिंग' याचा अर्थ इतकाच की अजून खाली आलेला नाही. डॉक्टर म्हणाले, "ते वाक्य सावध करणारं होतं." माझा भाऊ त्याच दिवशी निघाला असता तर मामा वाचले असते असे नाही. पण काचेतून का होईना, पाहता आले असते.

आणि याच आठवड्यात मी कामावर काय करत होतो? आम्ही सगळे ऑक्सिजन एक्सप्रेसचे आकडे तोंडपाठ म्हणत होतो. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली गाडी विशाखापट्टणमला निघाली. टँकरची उंची ३३२० मिलिमीटर, खालच्या सपाट वॅगनची १२९०, एकूण ४६१०. वर वायर, पूल, बोगदे. उंचीमुळे घाटातला जवळचा मार्ग सोडून ती वसई, भुसावळ, नागपूर असा लांबचा वळसा घेऊन गेली. परतताना २३ एप्रिलला तीन टँकर नागपूरला उतरले. त्या गाडीचा मिलिमीटर मिलिमीटर मला ठाऊक होता. मामांच्या मास्कचे लिटर तेवढे ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर लिहिले: मेंटेनिंग. पुढे काय लिहायचे ते बरेच दिवस सुचले नाही.

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. जे शब्द मला अजिबात येत नव्हते त्यांनी मला कधीच फसवले नाही. 'सायटोकाइन' म्हटले की माणूस निमूटपणे विचारतो, म्हणजे काय हो? फसवले ते ओळखीच्या शब्दांनी. आणि आम्हा रेल्वेवाल्यांना तर ते सगळे ओळखीचे. 'कॉन्टॅक्ट ट्रेसिंग' ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कॉन्टॅक्ट वायर आणि ड्रॉइंग ऑफिसातला ट्रेसिंग पेपर आला. बूस्टर म्हटले की आम्हाला बूस्टर ट्रान्सफॉर्मर. व्हेंटिलेटर म्हणजे डब्याच्या छपरावरची हवेची झडप. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह ही बॅटरीची टोके. 'प्रोन' हा शब्द आम्हाला फक्त अपघातांच्या अहवालात भेटलेला, अमुक फाटक 'अॅक्सिडेंट-प्रोन' आहे असा. रोग्याला 'प्रोन' केले म्हणजे पालथे झोपवले, हे कोणाला कळणार? आमच्या एका सहकाऱ्याला त्याच्या सासऱ्यांबद्दल सांगितले गेले की 'प्रोग्नोसिस इज गार्डेड'. त्याला वाटले, चांगली राखण चालली आहे. त्याचा अर्थ असतो, पुढचे काही सांगवत नाही.

'सीटी'ने तर कहर केला. आम्हाला सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. इथे दोन सीटी निघाले, आणि दोघांचे वागणे उलटे! एक सीटी व्हॅल्यू, नाकातल्या नमुन्याच्या आरटी-पीसीआर चाचणीची. त्या यंत्रात विषाणूच्या अंशाच्या प्रती काढतात आणि प्रत्येक फेरीला त्या जवळपास दुप्पट होतात. किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसू लागला, तो आकडा म्हणजे सीटी. म्हणून आकडा जितका लहान, तितका विषाणू जास्त. २० आणि ३० यांत फरक १० फेऱ्यांचा. दोनाचा दहावा घात करा, १०२४ येते. म्हणजे सुमारे हजारपट. दुसरा सीटी म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोअर, २५ पैकी. तिथे आकडा जितका मोठा तितके फुप्फुस जास्त धरलेले. आमच्या गल्लीत एका घरी सीटी १८ आला म्हणून आनंद झाला आणि शेजारच्या घरी सीटी १८ आला म्हणून रडारड. आणि कोणाचा सीटी कुठला, हे दोन्ही घरांना नक्की माहीत नव्हते.

त्याच स्कॅनच्या अहवालात 'ग्राउंड ग्लास' असे लिहिलेले असायचे. लोकांना वाटे, फुप्फुसात काचेचा चुरा गेला. इथे मात्र रेल्वेचा उपयोग झाला. मी सांगायचो, आपल्या डब्यातल्या संडासाच्या खिडकीला जी धुरकट काच असते, आरपार दिसत नाही पण उजेड येतो, तशी छाया फुप्फुसावर दिसते. एवढे सांगितले की माणसाचा चेहरा जरा सैल व्हायचा. रोग तोच राहायचा. पण काचेचा चुरा नाही, एवढा तरी दिलासा.

पावसाळा संपत आला तसे दर रविवारी संध्याकाळी आमचे चार-पाच जण इथेच घाटावरच्या या खोलीत बसू लागले. मग घरच्या बायका आल्या, मग गुरुजी आले. शिकवणारा कोणी नव्हता. ज्याला जो शब्द फोनवर, अहवालात, बातमीत भेटला तो त्याने आणायचा.

गुरुजींचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. "क्वारंटाइन आणि आयसोलेशन यांत फरक काय? दोन्हीकडे माणूस कोंडलेलाच." प्रश्न अगदी बरोबर होता. मराठी वर्तमानपत्रांनीही विलगीकरण आणि अलगीकरण हे शब्द कधी असे, कधी तसे वापरले. आयसोलेशन आजारी माणसाचे. क्वारंटाइन त्याचे, जो अजून धडधाकट आहे पण आजाऱ्याच्या जवळ येऊन गेला आहे. आयसोलेशनचे मूळ लॅटिनमधल्या 'इन्सुला' या शब्दात, म्हणजे बेट. आमचा इन्सुलेटरही त्याच बेटावरचा! वीज इकडून तिकडे जाऊ नये म्हणून इन्सुलेटर, रोग जाऊ नये म्हणून आयसोलेशन. पॉलिटेक्निकच्या सरांनी त्या दिवशी हसण्याऐवजी हे सांगितले असते तर मी तो शब्द कधीच चुकलो नसतो. क्वारंटाइन हा व्हेनिसकडचा, चाळीस दिवस या अर्थाचा शब्द. प्लेगच्या काळात जहाजे बंदराबाहेर थांबवत. त्याआधी १३७७ मध्ये एड्रियाटिक समुद्रावरच्या रगुसा शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, तीस दिवसांचा नियम केला होता.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे सुतकासारखं. मयताला आपण शिवलो नसलो तरी दहा दिवस." मी हो म्हटले, पण तिथेच थोडे अडखळलो. आपल्याकडे 'शिवू नका' या शब्दांचा इतिहास चांगला नाही. म्हणूनच 'सोशल डिस्टन्सिंग'चे 'सामाजिक अंतर' असे भाषांतर मला कानाला टोचायचे. ते अंतर आपण शेकडो वर्षे पाळले आणि त्याने कोणताही रोग थांबला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'फिजिकल' म्हणजे शारीरिक अंतर हा शब्द पसंत केला. गुरुजींनी ते मान्य केले आणि सुतकाचा दाखला मागे घेतला. आमच्या वर्गात गुरुजींनी मागे घेतलेला तो एकमेव दाखला.

इथून अहल्याबाई घाट ओलांडला की शीतला घाट. रोज आपण त्या देवळावरून जातो. ज्या रोगाला इंग्रजीत स्मॉलपॉक्स म्हणतात त्याला इकडे 'माता' म्हणत, आणि आपण मराठीत सरळ 'देवी' म्हणतो. रोगाचे नाव घ्यायचे नाही, देवीचे घ्यायचे. तोही विषाणूचाच रोग. १७९६ मध्ये जेन्नरने गाईच्या देवीपासून लस काढली. लॅटिनमध्ये 'वाक्का' म्हणजे गाय, त्यावरून व्हॅक्सिन. भारतात शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. समितीतल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या दंडावर अजून ती खूण आहे. आमच्यातल्या एका काकूंनी बाही वर करून ती दाखवली आणि विचारले, "मग हे कोव्हिडचं टोचून खूण का नाही राहिली?" कारण ती लस कातडीच्या वरच्या थरात देत, ही स्नायूत. प्रश्न अस्सल होता. उत्तर शोधायला मला आठवडा लागला.

आपल्या भाषेला या बाबतीत कमी समजण्याचे कारण नाही. व्हायरस म्हणजे लॅटिनमध्ये विष, आणि आपला 'विषाणू' त्याहून नेमका. 'को-मॉर्बिडिटी' म्हणताना जीभ वळत नाही. 'सहव्याधी' म्हटले की आजीलाही कळते. पण रुग्णालयातला फोन सहव्याधी म्हणत नाही, हीच अडचण. आणि इंग्रजीनेही आपल्याकडून एक शब्द घेतला आहे बरे! १९६५ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, नागपूरजवळच्या एका गावात नवा विषाणू शोधला. गावाचे नाव चांदीपुरा. मुलांना मेंदूज्वर करणारा हा विषाणू २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत पसरला, आणि जगातल्या पुस्तकांत तो 'चांदीपुरा व्हायरस' म्हणूनच आहे. हा घाट बांधणारे श्रीधर नारायण मुन्शी नागपूर दरबारचे. घाटाला त्यांचे नाव मिळाले, रोगाला चांदीपुऱ्याचे. गावकऱ्यांना काय वाटत असेल कोण जाणे. २०१५ पासून आरोग्य संघटनेने नव्या रोगांना गावांची नावे देऊ नयेत असे सांगितले आहे, ते योग्यच.

साथीचे इंग्रजी शब्द मराठी घरांत येण्याची ही पहिली वेळ नव्हती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेग विषाणूचा नव्हे, जिवाणूचा. पण शब्द तेच. क्वारंटीन, सेग्रेगेशन कॅम्प, इन्स्पेक्शन. रेल्वे स्थानकांवर उतारूंना उतरवून तपासत, संशयितांना बाजूला काढत. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात त्या शब्दांबरोबर सोजीर घरात शिरले आणि जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना गेल्या. मला नेहमी वाटते, तेव्हाच्या लोकांना रोगाइतकीच भीती त्या शब्दांची वाटली असणार. न कळणारा शब्द बोलत कोणी दारात उभा राहिला आणि घरच्या माणसाला घेऊन गेला, तर आपण काय समजणार?

२०२० मध्ये आमच्या रेल्वेने ५२३१ डबे 'आयसोलेशन कोच' केले. मधला बर्थ काढला, एका संडासाची न्हाणी केली, खिडक्यांना मच्छरदाणी लावली. त्या वेळी आमचे एक बुजुर्ग गँगमन घाबरून विचारत होते, "साहब, इसमें बिठाके कहाँ ले जाएँगे?" डबा कुठेही जाणार नव्हता. पण हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते.

असो. वर्गात आम्ही शब्दांवरून हळूहळू प्रश्नांवर आलो. पाठ केलेला शब्द ऐनवेळी आठवत नाही. पाठ केलेला प्रश्न आठवतो. म्हणून फोनवर विचारायचे प्रश्न लिहून भिंतीवर चिकटवले, देवनागरीतच, कारण घाबरल्यावर रोमन अक्षरे वाचवत नाहीत. किती ऑक्सिजनवर? कालपेक्षा जास्त की कमी? रूम एअरवर किती? आज घरच्यांनी यायला हवे का? हा शेवटचा मी घातला. डॉक्टर वैतागतील अशी काहींना भीती होती. माझा अनुभव उलटा आहे. प्रश्न नेमका असला की थकलेला डॉक्टरही नेमके उत्तर देतो, 'कसे आहेत?' विचारले की तो 'मेंटेनिंग' म्हणतो. उच्चारांची आम्ही कधीच फिकीर केली नाही. कोणाला हसायचे नाही, एवढा एकच नियम.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनची लाट आली. दंडावरची खूण दाखवणाऱ्या त्या काकूंचे मेहुणे इंदूरला दाखल झाले. फोन काकूंनी स्वतः घेतला. आम्ही दोघे शेजारी उभे होतो, पण त्यांनी हाताने आम्हाला गप्प केले. "हाउ मच ऑक्सिजन?" पलीकडून काही उत्तर आले. "ऑन रूम एअर?" पुन्हा उत्तर. मग काकूंनी "येस्टर्डे?" एवढेच विचारले, फोन ठेवला आणि म्हणाल्या, "रूम एअरवर शहाण्णव. काल चौऱ्याण्णव होतं. मी जात नाही, धाकट्याला पाठवते." व्याकरणाच्या मास्तरांनी त्या संभाषणाला किती मार्क दिले असते माहीत नाही.

आमची आई कधी त्या वर्गाला आली नाही. मी तिला त्या फोनबद्दल सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. पण तेव्हापासून कोणाच्याही आजाराची बातमी आली की तिचा पहिला प्रश्न असतो, "किती लिटरवर?" मग तो मोतीबिंदू का असेना.

इथे हे सगळे बोलायचे ठरले तेव्हा मी मामेभावाला फोन केला. त्या एप्रिलबद्दल आम्ही कधी उघड बोललो नव्हतो. विचारले, "तुझ्या बाबांचं सांगू का? मी तुला थांबवलं, तेही सांगावं लागेल." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांग. पण ते पंधरा लिटरचं लोकांना नीट समजावून सांग."

आरतीची तयारी झालेली दिसते आहे. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना आपला शब्द त्यात लिहायचा असेल त्यांनी जरूर लिहावा, बरीच पाने कोरी आहेत.  गणपती बाप्पा मोरया!